आवाजाचा नमुना

"ऐका," इन्स्पेक्टर भोईटे म्हणाले, "आणि मला एवढंच सांगा, हा आवाज तुमचा आहे की नाही."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवला. सकाळचे अकरा वाजले असतील. नववीचं प्रॅक्टिकल चालू असताना मला शाळेतून आणलं होतं. हवालदार प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, "नेवगी कोण?" म्हणाला, आणि चाळीस मुलांनी एकदम माझ्याकडे बघितलं. परीक्षानळ्या विसळत होतो, तसाच निघालो. खुर्चीत बसलो तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

मी विश्राम नेवगी. खारवण्याच्या हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक होतो. पण तालुक्यात मला ओळखत ते त्यासाठी नव्हे. मी नकला करायचो. गणपतीत, शाळेच्या संमेलनात, कुणाच्या साठीला. कीर्तनकार, रेडिओवरचा निवेदक, तहसीलदार आणि सगळ्यात शेवटी आमचे आमदार भाईसाहेब मणचेकर. भाईसाहेबांची नक्कल ही माझी हुकमी टाळी. ते शुद्ध बोलायचे, एकेक शब्द तोलून, मालवणी तोंडातून कधी येऊ द्यायचे नाहीत. वाक्य संपवताना थांबायचे आणि 'हे आपण विसरता कामा नये' म्हणायचे. मी नुसता थांबलो तरी लोक हसायला लागायचे. एका वर्षी ते स्वतः पहिल्या रांगेत बसून हसले होते.

भोईट्यांनी क्लिप लावली.

"पालयेकर, ती पाटी खय आसा? धोक्याची पाटी तयार केलेली ना, ती आजच्या आज साकवार लाय. तारीख जूनची घाल. कोणी इचारला तर आधीपासून होती म्हणान सांग... अरे मी काय करू? पाच माणसा मेली मरे! माका कायच सुचणा नाय."

पंचवीस-तीस सेकंद. मग मोबाइल गप्प झाला.

नऊ दिवसांपूर्वी वायंगणवाडीचा साकव, म्हणजे खाडीवरचा पायपूल, कोसळला होता. सकाळी शाळेच्या वेळेला. आठवीतल्या दोन मुली, मासे घेऊन बाजाराला निघालेलं एक जोडपं आणि पोस्टमन धुरी. पूल पडायला आला आहे, असं कनिष्ठ अभियंता पालयेकर यांनी जूनमध्येच लिहून दिलं होतं आणि भाईसाहेबांनी तो बंद करू दिला नाही, अशी गावात कुजबूज होती. बंद केला असता तर दोन वाड्यांना नऊ किलोमीटरचा वळसा पडला असता, आणि निवडणूक दोन महिन्यांवर होती. पण पंचनाम्यात पाटी सापडली होती. 'पूल धोकादायक, वापर बंद.' खाली जूनची तारीख.

"पुन्हा लावा," मी म्हणालो.

पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं, मीच. कुठल्यातरी कार्यक्रमात काहीतरी बोलून गेलो असेन आणि कुणीतरी कापून जोडलं. दुसऱ्यांदा मी शब्द सोडून दिले आणि श्वास ऐकला. 'मरे' म्हणताना आवाज फाटला होता. त्याच्या आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा बारीक आवाज होता.

"साहेब, हा मी नाही."

"नक्की?"

"नक्की."

"कशावरून?"

मला बरं वाटलं होतं ना, त्यामुळे मी उत्साहाने सांगायला लागलो. "साहेब, भाईसाहेबांना मी अकरा वर्षं ऐकतोय. सभेत ऐकलंय, लग्नात ऐकलंय, रागावलेले ऐकलेत. पण घाबरलेले कधी ऐकले नाहीत. जे ऐकलं नाही ते मला काढता येत नाही."

भोईट्यांनी पेन खाली ठेवलं. साताऱ्याकडचा माणूस, दमलेला, सभ्य. आवाज न चढवता म्हणाले, "म्हणजे हे घाबरलेले भाईसाहेब आहेत, असं तुमचं म्हणणं? लिहून घेऊ?"

मी मोबाइलकडे बघितलं.

"लिहू का?"

"मी तसं नाही म्हणालो."

"मग कसं म्हणालात? हा आवाज जिल्ह्यात दोनच माणसं काढतात. एक ते, एक तुम्ही. तुम्ही म्हणता तुम्ही नाही. मग उरलं कोण?"

ओल्या बाह्या थंड लागायला लागल्या. दाराबाहेर कुणीतरी उभं होतं, त्याची सावली उंबऱ्यावर पडली होती. ती हलत नव्हती.

भोईट्यांनी मला नवा कायदा समजावला. मला तो ठाऊक होता. आदल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात एका सरपंचाच्या आवाजात बनवलेली क्लिप फिरली होती आणि त्या दुपारी बाजारातली सात दुकानं जळाली होती. एक बांगडीवाला होरपळून मेला. त्यानंतर सरकारने कायदा आणला, जिल्ह्याजिल्ह्यात पडताळणी समिती नेमली. समिती जी क्लिप बनावट ठरवेल ती सगळ्यांनी पुसून टाकायची, पसरवणाऱ्यावर गुन्हा, बनवणाऱ्याला तीन वर्षं. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आमचे गणिताचे सर म्हणाले होते, "खरं-खोटं सरकारने ठरवायचं म्हणजे अवघडच." मी त्यांच्याशी भांडलो होतो. त्या बांगडीवाल्याकडून आम्ही सरोजला बांगड्या घ्यायचो.

"पण कलाकाराला कायद्यात सवलत आहे," भोईटे म्हणाले. "करमणुकीसाठी नक्कल केली, दुसऱ्याच कुणीतरी ती कापून पसरवली, तर कलाकार फक्त साक्षीदार. माफीपत्र द्यायचं आणि घरी जायचं. गुरुवारी तहसील कार्यालयात समिती बसणार आहे. तिथे आवाजाचा नमुना द्या. हेच शब्द, त्यांच्या आवाजात. बस."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"नेवगी, माझं इथे अजून दीड वर्ष आहे," ते म्हणाले. "तुमचा जन्म इथला आहे."

घरी आलो तर समोरच्या काजूच्या झाडाखाली दोन मोटारसायकली उभ्या होत्या. माणसं अनोळखी. एकाने हात वर करून नमस्कार केला, अगदी नीट.

सरोज माझी बायको. ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी नर्स होती. साकव पडला त्या सकाळी तीच ड्यूटीवर होती. दोन्ही मुलींच्या केसांतला चिखल तिने धुतला होता, आयांनी बघण्याआधी. घरी येऊन ती जेवली नव्हती आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

तिने दारं-खिडक्या लावल्या आणि स्वतःच्या मोबाइलवर क्लिप ऐकली. लगेच म्हणाली, "ह्यो तुमचो आवाज नाय. तुमका इतक्या बरा जमणा नाय."

एरवी मी हसलो असतो.

"भाईसाहेबच आसा तो," मी म्हणालो.

"माका कळला."

तिने मोबाइल पालथा ठेवला. मग सांगितलं, की दुपारी तिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं. बाकी सगळ्यांची कंत्राटं पुढे गेली, तिचंच वरून थांबवलंय. का, ते त्यांनाही सांगितलं नाही. आमची केतकी कॉलेजातून येताना काजूखालच्या त्या माणसांपैकी एक तिच्या मागोमाग एसटीतून आला. काही बोलला नाही, फक्त तिच्या मागच्या सीटवर बसला. केतकी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती.

"तू सांग, काय करू?" मी विचारलं.

सरोजने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, ती म्हणेल, खरं सांगा. त्या मुलींना हात लावलेली बाई दुसरं काय म्हणेल?

"तुमीच बोललात म्हणान सांगा," ती म्हणाली. आणि उठून मोरीत गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता.

बुधवारी मधल्या सुट्टीत रोहिणी धुरी शाळेत आल्या. पोस्टमन धुरींची बायको. कपाळ मोकळं, हातात नवऱ्याची पोस्टाची छत्री. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"क्लिप मी पाठयली सगळ्यांका," त्या म्हणाल्या. "माका पालयेकरान दिली. तेच्याच फोनवर रेकॉर्ड झाली ना ती. आता पोलीस म्हणतत, समितीचो निकाल येयपर्यंत पाठयलास तर गुन्हो. मी कालय पाठयलंय. आजय पाठयतलंय."

"वहिनी, कशाक..."

"माका फक्त एक सांगा. तुमचो आवाज नाय ना तो?"

मैदानावर मुलं ओरडत होती. मी खिडकीतून बघितलं. फाटकापाशी एक मोटारसायकल.

"माका काय सांगूक येणा नाय, वहिनी."

त्यांनी माझा चेहरा वाचला. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यात आनंद होता, हे मला अजून दिसतं. "म्हणजे नाय," त्या म्हणाल्या. "बस झाला. उद्या मी येतलंय थय. तुमी एकटे नाय."

त्या गेल्यावर त्यांचं 'तुमी एकटे नाय' माझ्या कानातून जाईना.

पण त्यातूनच मला वाट सुचली. तिला शहाणपण म्हणावं की आणखी काही, मला ठरवता आलेलं नाही. मी ठरवलं, तोंडाने हो म्हणायचं आणि आवाजाने नाही. नमुना द्यायचा, पण स्टेजवर देतो तसाच. शुद्ध उच्चार, मोठा थांबा, थोडा नाकातला सूर. मालवणी शब्दसुद्धा भाषणासारखे म्हणायचे. नमुना पुढे तपासणीला जाणार होता. कुठल्याही तज्ज्ञाला दोन आवाजांतला फरक कळेल. समितीलाही तिथल्या तिथे कळेल. मी माफीपत्रावर सही केलेली असेल, माझ्यावर कुणाचा राग नसेल, आणि आवाज जुळला नाही तर त्याला मी काय करणार? सबंध संध्याकाळ मी मनात तो नमुना घोटला. वाईट नक्कल करणं फार अवघड असतं. पण मला जमेल असं वाटलं.

गुरुवारी दुपारी तीनला तहसील कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर समिती बसली. तहसीलदार, जिल्हा माहिती कार्यालयाचे एक अधिकारी आणि कॉलेजातले भाषेचे प्राध्यापक. भाईसाहेब आले नव्हते. त्यांचे वकील भिंतीपाशी बसले होते, मोबाइलवर काहीतरी वाचत. भोईटे दाराजवळ उभे. अभियंता पालयेकर बोलावूनही आले नव्हते. त्यांचं एक पत्र आलं होतं. असा कुठलाही फोन आपल्याला आला नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. तहसीलदारांनी ते वाचून दाखवलं आणि फाइलला लावलं.

म्हणजे आता मीच उरलो होतो.

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर रोहिणीवहिनी होत्या, वायंगणवाडीची आणखी चार-पाच माणसं होती. मी आत जाताना वहिनींनी मान हलवली, परीक्षेला जाणाऱ्या मुलाला धीर देतात तशी.

"नेवगी, ही क्लिप तुमच्या नकलेची आहे, हे तुम्हाला मान्य आहे?" तहसीलदारांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

बाहेर कुणीतरी उभं राहिल्याचा आवाज झाला.

"मग नमुना द्या. घाई नाही, सावकाश."

टेबलावर रेकॉर्डर होता. कागदावर शब्द छापलेले. प्राध्यापक चष्म्यावरून बघत होते. मी कागद उचलला. घसा साफ केला. स्टेजवर भाईसाहेब काढायचे असले की मी आधी खांदे मागे घेतो, हनुवटी उचलतो. तसं करायला गेलो तेवढ्यात वकिलांनी मोबाइल खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. सहज म्हणाले, "मुलगी बारावीला ना तुमची?"

मी सुरुवात केली.

"पालयेकर, ती पाटी खय आसा?"

पहिल्याच शब्दाला माझा श्वास चुकला. मी थांबून पुन्हा खांदे मागे घ्यायला हवे होते. पण थांबता येईना. घसा आवळला, आवाज वर चढला, आणि शब्द माझे मलाच न विचारता बाहेर पडायला लागले. आजच्या आज साकवार लाय. तारीख जूनची घाल. घोटून ठेवलेलं सगळं गेलं. 'पाच माणसा मेली मरे' म्हणताना आवाज नेमका तिथेच फाटला, त्याच्या आधीचा तो बारीक आवाजसुद्धा घशातून निघाला. 'माका कायच सुचणा नाय' हे तर मला काढावंच लागलं नाही. ते खरंच होतं.

मी थांबलो. प्राध्यापकांनी चष्मा काढला. "कमाल आहे," ते हळूच म्हणाले. "पुढच्या तपासणीची गरजच नाही."

भोईटे खाली बघत होते.

मी मागे वळलो. दार आता पूर्ण उघडं होतं. रोहिणीवहिनी उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो सहन केला असता. त्या नुसत्या गोंधळल्या होत्या, भर बाजारात हात सुटलेल्या पोरासारख्या.

"तुमीच?" त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. त्यांनी ते उत्तर धरलं.

चार वाजता क्लिप बनावट ठरली. जिल्हाभर आदेश गेला. संध्याकाळी सातपर्यंत ती कुणाच्याच मोबाइलवर राहिली नाही. माझ्या माफीपत्राचा फोटो मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर आला. वहिनींवर गुन्हा दाखल झाला. निर्णय होण्याआधी आणि मनाई असताना बनावट मजकूर पसरवला म्हणून. आठ महिने त्या तारखांना कोर्टात येत होत्या. शेवटी समज देऊन सोडलं. साकवाच्या चौकशीत कारण निघालं अतिवृष्टी आणि सूचनाफलकाकडे नागरिकांनी केलेलं दुर्लक्ष. पालयेकरांची बदली झाली. सरोजचं कंत्राट पुढे गेलं. सहीचा कागद ती घरी घेऊन आली आणि मला न दाखवता कपाटात ठेवला. भाईसाहेब आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले.

त्या डिसेंबरात ते शाळेच्या संमेलनाला पाहुणे होते. मुख्याध्यापकांनी मला नक्कल करायचा आग्रह केला, भाईसाहेबांच्या समोर. मी घसा बसल्याचं सांगितलं. जाताना भाईसाहेब गाडीपाशी थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा पंजा बर्फासारखा गार होता.

"कला जपा, नेवगी," ते म्हणाले. शुद्ध, तोलून. थोडं थांबून त्यांनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग न बोलताच गाडीत बसले.

त्यानंतर मी स्टेजवर गेलो नाही. लोकांना वाटलं, पोलिसांची धास्ती. त्यांना तसंच वाटू दिलं.

सात वर्षं गेली. केतकी नोकरीला लागली, लग्न करून बेळगावला गेली. सरोज रुग्णालयातल्या नोकरीतून सुटली. गेल्या एप्रिलमध्ये भाईसाहेब वारले. अंत्ययात्रेला सगळा जिल्हा लोटला होता. मी गेलो नाही. त्या दिवशी दुपारी मला पहिल्यांदा जाणवलं, की काजूखाली कुणी उभं आहे का, हे मी सकाळपासून बघितलेलं नाही.

चौथ्या दिवशी मी वायंगणवाडीला गेलो. रोहिणीवहिनी आता नवऱ्याच्या जागी पोस्टात काम करतात. एका खोलीचं पोस्ट, खिडकीला गज. त्या पत्रांवर शिक्के मारत होत्या. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"काय व्हया?" त्यांनी विचारलं.

मी गजांशी उभा राहून सगळं सांगितलं. भोईटे काय म्हणाले, सरोजचं कंत्राट, केतकीच्या मागे बसलेला माणूस, मी कसा वाईट नक्कल करायला गेलो आणि कशी ती जमली. क्लिपमधला आवाज भाईसाहेबांचाच होता, हे मी तीन वेळा सांगितलं. त्यांनी शिक्का खाली ठेवून ऐकलं.

मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "आणि थय माझ्यासमोर काढलास तो कोणाचो?"

"तो माझो. पण क्लिपमधलो..."

"दोनय एकच होते. मी माझ्या कानांनी आयकलंय." त्यांचा आवाज शांत होता. "तो जितो होतो तेव्हा तुमी म्हटलास, तुमचो. आता मेलो तर म्हणतास, तेचो. उद्या आणखी कोणी मेलो तर तेचो म्हणशात."

"वहिनी, मी खरा सांगतंय."

"सांगत आसशात." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना माझी कीव येत होती, असं मला वाटलं. "पण माका आता कळणा नाय. सात वर्सां मी सोताक समजावलंय, की माका फसवला कोणीतरी, माझ्या घोवाक कोणी मारूक नाय, साकव पडलो आणि तो मेलो. तेच्यावर मी झोपाक शिकलंय. आता परत काढू नका."

मी तसाच गज धरून उभा राहिलो. मागे एक म्हातारे गृहस्थ पासबुक घेऊन येऊन थांबले होते. वहिनींनी शिक्का उचलला.

"बाजूक होवा," त्या म्हणाल्या, "मागे माणूस उभो आसा."